लोखंडी वेशीचा पाचवा भाग

पुस्तकाचा शेवट आधी वाचणाऱ्या माणसाचा मला भारी राग येतो. कपाटापाशी उभ्या उभ्या मागचं पान उघडायचं, चार ओळी वाचायच्या आणि ‘नको बाई, रडकं आहे’ म्हणून पुस्तक परत खोचायचं, तेही भलत्याच खणात. देगलूरच्या या वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. पानं दुमडणारे, समासात ‘वा वा’ लिहिणारे, खूण म्हणून तुरीची शेंग घालून पुस्तक परत करणारे, सगळे मी पाहिले आणि सगळ्यांना सुनावलं. माझं नाव सौदामिनी. माघारी लोक मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

एकाच माणसाच्या बाबतीत मला वाटलं, की यानं शेवट आधी वाचला असता तर बरं झालं असतं. आणि तो माणूस असा, की जीव गेला तरी मागचं पान उघडणार नाही.

रामलिंगअप्पांचं गाव बिलोलीच्या रस्त्याला, इथून आठ-नऊ किलोमीटरवर. सात एकर रान, एक विहीर, सोयाबीन आणि तूर. शिक्षण सातवीपर्यंत. पण गावच्या मठात श्रावणात पुराण लागतं, ते वाचायचा मान तीस वर्षं त्यांचा. आवाज खणखणीत आणि वाचायचे नियम त्याहून खणखणीत. पोथी मध्येच सोडायची नाही. उद्याचा अध्याय आज उघडायचा नाही. एखादा शब्द कळला नाही तर चालेल, पण गाळायचा नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जे छापलंय ते सगळं वाचायचं. आणि समाप्तीच्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, करून चार माणसांना जेवू घालायचं.

दुसरी ओळख म्हणजे मिशी. दोन्ही टोकांना वर वळवलेली, निम्मी पांढरी झालेली, पण पीळ कायम. त्यांच्या गावात रामलिंगअप्पा दोन होते. एक नुसते आणि एक मिशीवाले.

त्यांची एकुलती एक मुलगी ऋतुजा. पंधराव्या वर्षी ती माझ्याकडे सभासद झाली. बस सुटायला वेळ असला की वाचनालयात येऊन बसायची. एक दिवस म्हणाली, “मॅडम, असं पुस्तक द्या की जे लवकर संपणार नाही.” मी तिच्या हातात ‘लोखंडी वेस’चा पहिला भाग ठेवला. मीच ठेवला. हे मी अजून स्वतःला ऐकवत असते.

‘लोखंडी वेस’ ही पुढच्या काळातली गोष्ट. एक शहर आहे, नाव निरामय. त्याच्याभोवती उंच भिंत आणि भिंतीला एकच लोखंडी वेस. शहरात कुणी आजारी पडायचं नाही असा कायदा. जो तिसऱ्यांदा आजारी पडेल त्याला वेशीबाहेर काढायचं. वेस लागली की लागली. बाहेर गेलेलं माणूस परत आलेलं नाही आणि बाहेर काय आहे ते आत कुणाला माहीत नाही. वेधा नावाची बारा वर्षांची मुलगी असते, तिच्या आईला खोकल्यापायी बाहेर काढतात. वेधा शपथ घेते, की एक दिवस ही वेस मी उघडीन. ती उघडायला निघते आणि लेखक आपल्याला सहाशे सहाशे पानांचे चार भाग तिच्यामागे पळवतो. मी असल्या पुस्तकांना एरवी नाक मुरडते. पण ही मी तहान-भूक हरपून वाचली. ऋतुजानं तर एकेक भाग तीन-तीनदा नेला. चौथा भाग संपतो तेव्हा वेधाच्या हातात वेशीची किल्ली येते, आणि तिथेच लेखक आपल्याला टांगून निघून जातो. पाचवा, शेवटचा भाग लवकरच, असं मागे छापलेलं होतं. त्या ‘लवकरच’ला पाच वर्षं लागली.

तेवढ्या वर्षांत इकडे ऋतुजाच्या दोन्ही किडन्या गेल्या.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. आधी पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग नांदेडच्या डॉक्टरांनी अप्पांना खुर्चीत बसवून सांगितलं. अप्पा म्हणाले, माझी घ्या. तपासणीत त्यांची स्वतःचीच एक किडनी जन्मापासून लहान निघाली. आई सिंधुबाईंना साखर. तिथे तो विषय संपला आणि आठवड्यातून दोन दिवस डायलिसिस सुरू झालं. सकाळची सहाची एसटी, नांदेडला चार तास मशीनवर, दुपारच्या एसटीनं परत. डाव्या हातात दोन जाड सुया, तो हात हलवायचा नाही. राहिला उजवा. सहाशे पानांचं पुस्तक पडल्या पडल्या एका हातानं धरवत नाही.

मग पुस्तक अप्पा धरायचे. पलंगाशेजारी स्टुलावर बसून, तिच्या तोंडापुढे, दोन्ही हातांनी. ती ‘हं’ म्हणाली की पान उलटायचं. पहिले काही दिवस ते नुसते धरून बसले. मग एकदा तिनं ‘हं’ म्हटलं तरी पान उलटेना. तिनं पुन्हा ‘हं’ म्हटलं.

“थांब की,” अप्पा म्हणाले, “माझं व्हायचंय अजून.”

हे तिनंच मला हसून हसून सांगितलं. त्या दिवसापासून पुन्हा पहिल्या भागापासून सुरुवात झाली आणि अप्पा मोठ्यानं वाचू लागले, मठात वाचतात तसंच, एकही अक्षर न गाळता. लेखकाचं मनोगत, अर्पणपत्रिका, मुद्रकाचा पत्ता, सगळं. शेजारच्या पलंगांवरचे पेशंटही ऐकायचे. नर्स म्हणायची, काका, हळू. दोन मिनिटं हळू वाचायचे, मग वेधा संकटात सापडली की आवाज पुन्हा मठात.

परतीच्या वाटेवर देगलूरला गावाकडची गाडी लागेपर्यंत दोघं माझ्याकडे यायची आणि माझ्या टेबलापाशी भांडायची. भांडणाचा विषय ठरलेला, वेशीपलीकडे काय आहे. ती पैज लागली तो दिवस मला आजचा वाटतो. ऋतुजाच्या हाताला पट्टी होती, तोंड पिवळं पडलेलं, पण डोळ्यांत तेज होतं.

“मॅडम, तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “मी म्हणते पलीकडं गाव आहे. बाहेर काढलेल्या लोकांनी मिळून वसवलंय. विहीर पाडलीय, शेती करून राहिलेत. वेधाची आई जिवंत आहे तिथं.”

“काय नसतंय,” अप्पा म्हणाले. “आजारी मानसं विहीर पाडत्यात व्हय? दार लागलं की मानूस संपला. तिकडं काय बी न्हाई, पोरी. माती हाय नुसती.”

“लावता शर्त?”

“लाव.”

“मी जिंकले तर मिशी काढायची. सगळी.”

अप्पांचा हात आपसूक मिशीवर गेला. मी हसले. वाचनालयात मोठ्यानं हसायचं नाही असा फलक माझ्याच डोक्यावर लावलेला आहे, तरी हसले.

“आन् मी जिकलो तर?”

तिनं थोडा विचार केला. “तुम्ही जिंकला तर मी तुम्हाला परत कधी पुस्तक धरायला लावणार नाही.”

“दिली जबान?”

“दिली. मॅडम साक्षीदार.”

मी म्हटलं, मला कशाला गोवता, पण मनातून मला साक्षीदार व्हायला आवडलं होतं. माझीही मतं होतीच. मी ऋतुजाच्या बाजूची.

पाचवा भाग यायच्या आधी ती गेली. डायलिसिसच्या तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, नांदेडच्या त्याच वॉर्डात, चोवीस वर्षांची होऊन. यापेक्षा जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. अप्पांच्यात जाळत नाहीत, माती देतात. त्यांच्याच रानात विहिरीच्या वरच्या अंगाला तिला माती दिली. मी गेले होते. सिंधुबाईंना बायांनी धरलं होतं. अप्पा एकटे उभे होते, कुणी धरायला गेलं की हात झटकत होते.

पंधराएक दिवसांनी ते वाचनालयात आले. पिशवीतून चौथा भाग काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “पाचवा कवा येतो?”

मी म्हटलं, “अप्पा, आता कशाला तो?”

“पोथी मधी सोडत न्हाईत, म्याडम.” मग बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. “तिनं तिची जबान आदीच पाळली. आता पुस्तक धरा म्हनत न्हाई. म्हंजे मीच जिकलो की काय, असं वाटून राहिलं मला. मिशीला हात लावला तरी कसंतरी होतं.”

ते पुढे म्हणाले, “वेशीबाहेर कुनाला काढत्यात? आजारी मानसाला. आन् मी माझ्या आजारी लेकीला काय म्हनलो? तिकडं काय बी न्हाई, माती हाय. मज्जेमज्जेत म्हनलो, म्याडम. शंभर येळा म्हनलो. ती ऐकून घ्यायची आन् हसायची. तिला त्यात काय ऐकू आलं आसंल?”

बापानं गमतीत लावलेली पैज होती ती. उचलली जीभ लावली टाळ्याला, आपण सगळेच लावतो. पण आता या माणसाला ती पैज हरायची होती. मनापासून, सगळ्या जिवानिशी हरायची होती. त्याला पुस्तकात छापलेलं हवं होतं, की वेस उघडली आणि पलीकडे गाव निघालं, विहीर निघाली, आई जिवंत निघाली. एवढं छापून आलं असतं तर त्यानं भर चौकात मिशी उतरवली असती आणि रानात जाऊन लेकीला सांगितलं असतं, तू म्हणत होतीस तेच खरं.

पाचवा भाग नोव्हेंबरात आला. नवं पुस्तक नोंदवायच्या आधी मी वाचते, हा माझा हक्क मी कुणाला देत नाही. दोन दिवसांत वाचून काढला आणि पुस्तक टेबलावर आपटलं. शिपायानं दचकून पाहिलं.

एवढी पाच वर्षं लेखक पुण्यात बसून काय करत होता देव जाणे. वेधा लढते, जिंकते, शहराची प्रमुख होते. किल्ली तिच्या हातात आहे. शेवटच्या प्रकरणात ती वेशीपाशी जाते, कडीला हात लावते आणि परत फिरते. शहरात रोग शिरेल म्हणून. मग ज्या खुर्चीवरून तिच्या आईला बाहेर काढण्याचा हुकूम निघाला होता त्याच खुर्चीत बसते आणि बाहेर काढायच्या माणसांच्या पुढच्या यादीवर सही करते. संपलं. पलीकडे काय आहे, एक अक्षर नाही. आई आहे की मेली, एक अक्षर नाही. पेपरात परीक्षण आलं होतं, ‘धाडसी शेवट’. धाडस कसलं? चार भाग आमच्याकडून पोटच्या पोरीसारखा जीव लावून घ्यायचा आणि पाचव्यात तिला तिच्या शत्रूच्या खुर्चीत बसवून पाठ फिरवायची. सत्ता माणसाला बिघडवते म्हणे. हे सांगायला तीन हजार पानं? ते तर आमच्या नगरपालिकेचा शिपाईसुद्धा सांगेल.

पण माझा राग लेखकावरचा होता. अप्पांच्या बाबतीत मला भीती वाटत होती. पुस्तक लपवावं असं मनात आलं. हरवलं म्हणून सांगावं. चार दिवस ते माझ्या खणात कुलपात होतं. पाचव्या दिवशी अप्पा स्वतःच आले. गावातल्या कुणीतरी फोनवर बघून सांगितलं होतं, की निघालं म्हणून.

मी म्हटलं, “अप्पा, हा भाग तेवढा जमलेला नाही. माझं ऐका, राहू द्या—”

त्यांनी हात वर केला. “शेवट सांगू नका. पोथीचा शेवट आदी सांगत्यात व्हय?”

“मी शेवट सांगत नाही. एवढंच म्हणते, की—”

“म्याडम.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मठात पोथी घेतात तसे.

मी पुस्तक दिलं. सव्वीस वर्षं ज्या गोष्टीवरून मी लोकांना झापलं, तिनंच माझी जीभ बांधली. मी मूग गिळून बसले आणि रजिस्टरवर त्यांची सही घेतली.

रोज सकाळी रानात जायचं, समाधीपाशी पोतं अंथरायचं आणि एक अध्याय वाचायचा असं त्यांनी ठरवलं. प्रकरणं एकेचाळीस. सुरुवातीला सिंधुबाई एकट्या ऐकायला बसत. मग शेजारच्या रानातला महांतेश तूर कापायची सोडून बांधावर येऊन बसू लागला. त्याला आधीचे चार भाग अप्पांनी तोंडी सांगितले. मग त्याची बायको, मग आणखी दोघी-तिघी. अप्पा वाचतात म्हटल्यावर लोक येणारच. आठवड्याच्या बाजाराला महांतेश देगलूरला आला की मला वाटेत गाठून सांगायचा, “म्याडम, वेधा आता लई जवळ पोचली. उगडंल आता.” मी हो म्हणून पुढे जायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आज तरी सांगावं. सांगितलं नाही.

एकेचाळिसाव्या दिवसाचं मला आमंत्रण आलं. समाप्ती आहे, जेवायलाच या. न जाण्याचं कारण मी शोधलं, मिळालं नाही.

रानात सकाळचं कोवळं ऊन होतं. समाधीवर झेंडूची माळ, पुढे ऊदबत्ती. चुलीवर मोठ्या पातेल्यात हुग्गी शिजत होती, गुळाचा वास विहिरीपर्यंत येत होता. दहा-बारा माणसं पोत्यांवर बसलेली, बाया डोक्यावर पदर घेऊन. अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, मिशीला तेल लावलं होतं. मला पाहून म्हणाले, “साक्षीदार आली. बसा.” आणि पुस्तक दोन्ही हातांनी उचललं. ते स्वतःच्या डोळ्यांपुढे नव्हतं, थोडं पुढे कलतं धरलेलं होतं, पलंगावर पडलेल्या माणसाला दिसावं तसं. ते पाहिलं आणि मी खाली मान घातली.

आवाज खणखणीत लागला. वेधा वेशीपाशी आली. महांतेश गुडघ्यांवर उठून बसला. वेधानं कडीला हात लावला. सिंधुबाईंनी हात जोडले. आणि मग वेधा मागे फिरली.

अप्पा एक क्षण थांबले. मला वाटलं, आता पुस्तक मिटतील. पण अक्षर गाळायचं नाही हा नियम. ते वाचत राहिले. खुर्ची आली, यादी आली. यादीतली सात माणसांची नावं लेखकानं दिली आहेत, ती सातही नावं त्यांनी वाचली. तिनं सही केली तेही वाचलं. आवाज हळूहळू उतरत गेला होता, पण तुटला नाही.

पान उलटलं. सगळे वाट पाहत होते. पोथीला शेवटी फलश्रुती असते, ही कथा ऐकणाऱ्याचं काय भलं होईल ते लिहिलेलं असतं, ते तरी येईल असं त्यांना वाटत असणार. अप्पांनाही वाटलं असणार. पुढचं पान कोरं होतं. त्यांनी तेही उलटलं. त्याच्या पुढच्या पानावर छापील मजकूर दिसला तसा त्यांनी घाईनं श्वास घेतला आणि वाचायला लागले:

“आमची आगामी प्रकाशने. घरच्या घरी मशरूम लागवड. मधुमेहींसाठी शंभर पाककृती. स्पर्धा परीक्षा मार्गदर्शक, सुधारित आवृत्ती...”

लोकांनी हात जोडून ते ऐकलं. शेवटच्या अक्षरापर्यंत. प्रकाशकाचा फोन नंबरसुद्धा अप्पांनी एकेक आकडा करून वाचला. मग पुस्तक मांडीवर ठेवलं.

सिंधुबाईंनी विचारलं, “मंग वेशीपलीकडं काय हाय म्हनं?”

“लिव्हलं न्हाई.”

“आन् तिची माय?”

“न्हाई लिव्हलं.”

सिंधुबाईंनी एकदा समाधीकडे पाहिलं. मग उठल्या आणि हुग्गी वाढू लागल्या. समाप्ती होती, कुणी न जेवता जायचं नाही. महांतेशनं पहिला घास घेतला आणि पान तसंच ठेवून बांधाआड गेला. मी जेवले. कशी जेवले ते मला माहीत. अप्पा जेवले नाहीत. ते समाधीजवळ सरकून बसले होते आणि काहीतरी म्हणत होते. हात धुवायला जाताना मी जवळून गेले तेव्हा ऐकू आलं.

“मला न्हाई पटलं. तुला गं?”

जरा थांबून पुन्हा, “बोल की. भांड की.”

दुसऱ्याच दिवशी ते वाचनालयात आले. डोळे तांबारलेले. म्हणाले, फोन नंबर पुस्तकात दिलाय, लावा. मी लावला, आणि त्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला. प्रकाशनातला एक मनुष्य बोलला, मऊ आवाजाचा. मी विचारलं, सहावा भाग आहे का? नाही, मालिका पूर्ण झाली. मग वेशीपलीकडे काय होतं ते लेखकांनी कुठे लिहिलंय का? तो हसला आणि म्हणाला, “मॅडम, तो खुला शेवट आहे. पलीकडे काय आहे, हे लेखकानं वाचकावर सोडलंय.”

मी म्हटलं, “तुमचा वाचक माझ्यासमोर बसलाय. त्याच्यावर आधीच पुष्कळ सोडलेलं आहे, त्यात ही भर कशाला?”

त्याला काही कळलं नाही. त्यानं सूचनेबद्दल आभार मानले.

अप्पा फोनकडे बघत होते. “माझ्यावर सोडलं?”

“तसं म्हणतात.”

“मला काय म्हाईत तिकडं काय हाय ते?” त्यांनी पहिल्यांदाच माझ्यासमोर आवाज चढवला. वाचनालयातली दोन-तीन डोकी वर झाली. “म्हाईत असतं तर तवाच बोललो नसतो का तिला? मला काय म्हाईत!” आणि पिशवी उचलून निघून गेले. पुस्तक परत करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, आणि मी आठवण केली नाही.

मुदत तर आधीच संपली होती. त्यावर आणखी महिना गेला. मी कुणालाही एवढी सूट देत नाही.

एका दुपारी एक अनोळखी म्हातारा आत आला आणि टेबलापुढे उभा राहिला. मी सवयीनं म्हटलं, “चपला बाहेर.” तो म्हणाला, “बाहेरच हायत, म्याडम.”

आवाजावरून ओळखलं. वरचा ओठ उघडा पडला होता. इतकी वर्षं ऊन न लागलेली तिथली कातडी पांढरी फटफटीत होती, आणि चेहरा एकदम लहान, कुणाचा तरी भलत्याचाच वाटत होता. त्यांनी पाचवा भाग टेबलावर ठेवला.

“साक्षीदार तुमीच होता,” ते म्हणाले. “म्हून आदी तुमाला दाखवाया आलो. बगून घ्या.”

“अप्पा, पण पुस्तकात तर...”

“पुस्तकात न्हाई. पर त्या मानसानं माझ्यावर सोडलं म्हनला न्हवं? म्हैनाभर इचार केला. शेवटी फैसला केला.” त्यांचा हात सवयीनं मिशीकडे गेला आणि रिकाम्या ओठावर थांबला. “हाय. तिकडं गाव हाय. विहीर बी हाय. ती म्हनत होती तसंच.”

मी शिक्का शोधू लागले. शिक्का माझ्या हातातच होता.

“सिंधुबाई काय म्हणाल्या?”

“आदी पदर लावला तोंडाला. मंग म्हनली, पोरगी लई हसली असती.” ते स्वतः हसायला गेले, पण ओठ थरथरला, आणि आता तो झाकायला काही नव्हतं. “न्हाव्यानं वस्तरा हातात घेतला आन् इचारलं, अप्पा, कोन गेलं? म्हनलं, कुनी न्हाई गेलं बाबा. लेकीसंगं शर्त लावली होती, हरलो.”